डाव्या खांबाची दोरी

पुरवणी जबाब

माझे नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून घेतला आहे. वय सत्तावन्न वर्षे. धंदा नोकरी, हवाई तळाच्या धावपट्टीवरील अडवण जाळीची देखभाल. नोकरीची एकतीस वर्षे पूर्ण. तळावर लहानमोठे सगळे मला जाळीवाले काका म्हणतात. आज दिनांक पंचवीस रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कोणी बोलावले नसताना, मी पोलीस ठाण्यात आलो आहे. समोर बसून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो ते असे.

या महिन्याच्या तीन तारखेला दुपारी तळावर उतरणारे एक लढाऊ विमान धावपट्टी सोडून, कुंपण तोडून बाहेरच्या रस्त्यावर आले. त्यात वैमानिकाच्या पाठीला मार बसला आणि रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच संध्याकाळी याच टेबलासमोर माझा जबाब झाला होता. त्यात मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आदेश मिळताच मी जाळी वर घ्यायचे बटण दाबले. उजवा खांब उभा राहिला, डावा अर्ध्यात अडकला. डावा खांब का अडकला ते मला माहीत नाही. यातल्या पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी खोटी आहे. ती दुरुस्त करायला मी आलो आहे.

जाळीविषयी आधी सांगतो. विमानाचे ब्रेक लागले नाहीत तर त्याला अडवण्यासाठी धावपट्टीच्या टोकाला आडवी जाळी असते. नायलॉनच्या रुंद पट्ट्यांची, माणसाच्या तिप्पट उंच. दोन बाजूंना दोन लोखंडी खांब, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. एरवी खांब आडवे पडलेले असतात आणि जाळी जमिनीवर गुंडाळलेली असते. उजव्या बाजूच्या खोलीत मी बसतो. नियंत्रण मनोऱ्यातून आदेश आला की बटण दाबायचे. तीन सेकंदांत खांब उभे राहतात आणि जाळी ताठ होते. अंमलदारांनी पहिल्या जबाबात सगळीकडे 'नेट' लिहिले होते, ते आज मी 'जाळी' करून घेतले आहे. एकतीस वर्षे जी हातात धरली तिचे नाव तरी माझ्या तोंडचे असावे.

गुंडाळलेली जाळी वाऱ्याने उलगडू नये म्हणून ती कच्च्या सुती दोऱ्याने बांधायची असा नियम आहे. प्रत्येक खांबाजवळ जमिनीत एक लोखंडी कडी आहे, तिच्यातून दोरा ओवायचा. कच्चा दोरा अशासाठी की खांब उठताना तो आपोआप तुटावा. उजव्या बाजूला खोलीचा आडोसा आहे, तिथला दोरा टिकतो. डाव्या बाजूला उघडे रान आहे आणि वारा तिकडूनच येतो. तिथला दोरा दिवसातून सात-आठ वेळा तुटतो. प्रत्येक वेळी धावपट्टी ओलांडून जायचे, वाकायचे, बांधायचे आणि परत यायचे. नाही बांधला तर पट्ट्या सिमेंटवर घासतात आणि कडांचे धागे निघू लागतात.

माझ्या जाळीचा धागा निघालेला मला खपत नाही. दोन वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी पट्टीवरून हात फिरवला आणि विचारले, "नवी बसवली का?" आमचे धावपट्टी अधिकारी म्हणाले, "नाही सर, सहा वर्षांची आहे. आमच्या काकांच्या हातची आहे." त्यावर मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते घरी बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर समोर लावले आहे. बायको म्हणते, पाहुण्याने पाणी पिण्याआधी ते वाचावे अशी माझी अपेक्षा असते. ते खरे आहे.

मुद्द्याचे सांगा, असे मला सांगण्यात आले. मुद्दा हाच आहे. त्या प्रशस्तिपत्रानंतर मला एकही धागा निघू द्यायचा नव्हता, आणि डाव्या खांबापाशी दिवसातून आठ वेळा जाऊन वाकणे माझ्या कमरेला झेपत नव्हते. कमरेचे मी तळावर कोणाला कळू दिले नाही. कळले असते तर मला भांडारात नेऊन बसवले असते आणि जाळी दुसऱ्याच्या हाती गेली असती. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी घरून कपडे वाळत घालायच्या हिरव्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा कापून आणला. तो चार पदरी करून डाव्या बाजूची जाळी मी कडीला बांधू लागलो. उड्डाणे सुरू व्हायच्या आधी दोरी सोडायची आणि तिच्या जागी दोरा बांधायचा. उड्डाणे संपली की परत दोरी. हे मी एकट्याने ठरवले. कोणाला विचारले नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होते. आठ महिन्यांत मी एकदाही चुकलो नाही. चुकलो नाही म्हणून तीच पद्धत बरोबर आहे असे मला वाटू लागले.

बायकोने मध्ये दोन-तीनदा विचारले की दोरी तोकडी कशी झाली, चादर पुरत नाही. मी म्हटले, उन्हाने आकसली असेल. ती म्हणाली, "जन्मभर नायलॉन हाताळलंत आणि मला हे सांगताय?" मी विषय बदलला.

तीन तारखेला सकाळची उड्डाणे साडेअकराला संपली. मी जाळी नीट गुंडाळली, डावीकडचा दोरा काढून दोरी बांधली. पुढचे विमान चार वाजता होते. पाऊण वाजता खोलीत येऊन डबा उघडला. एक वाजून आठ मिनिटांनी मनोऱ्यातून फोन आला. दुसऱ्या तळाकडे निघालेले एक विमान ब्रेकच्या दाबाची तक्रार असल्यामुळे आपल्याकडे वळले आहे, चार मिनिटांत उतरेल, जाळी तयार ठेवा. मी "तयार आहे" असे उत्तर दिले. ते टेपवर आहे.

ही चार मिनिटे मी नीट सांगतो.

खोलीपासून डावा खांब एकशे दहा पावले आहे. माझी गाठ एका झटक्यात सुटते, मुळात तशीच मारलेली असते. मी फोन ठेवून लगेच बाहेर पडलो. तेवढ्यात अग्निशमन बंब येऊन नेमका डाव्या खांबाजवळ उभा राहिला. मागोमाग धावपट्टी अधिकारी साहेबांची जीप आली. बंबप्रमुख आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो. तो जाळीला माझी लेक म्हणतो. त्याने लांबूनच आवाज दिला, "काय रे जाळीवाल्या, आज तुझ्या लेकीची परीक्षा! अभ्यास झालाय ना तिचा?" बंबावरची माणसे हसली. मीही हसलो.

मी दहा-बारा पावले पुढे गेलो होतो. साहेबांनी हात वर करून पलीकडून मोठ्याने विचारले.

"काय हवंय काका?"

"काही नाही साहेब."

"सगळं ठीक?"

"ठीक आहे साहेब."

मी परत फिरलो आणि खोलीत जाऊन बटणापाशी उभा राहिलो.

परत का फिरलात, असे मला विचारण्यात आले. मी तिथे जाऊन वाकलो असतो तर साहेबांना, बंबप्रमुखाला आणि बंबावरच्या चौघांना दिसले असते की प्रशस्तिपत्रवाला माणूस जाळी कपड्यांच्या दोरीने बांधतो. मला लाज वाटली. दुसरे कारण नाही. साहेबांनी चारचौघांत झापले असते, बंबप्रमुखाने महिनाभर माझी टर उडवली असती, आणि एवढ्यावर भागले असते. उभ्या उभ्या मी मनाशी असेही म्हटले की ब्रेक शेवटी लागतातच, गेल्या सहा वर्षांत जाळीला एकही विमान लागलेले नाही. घड्याळात तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. अजून दोन मिनिटे होती. तेवढ्या वेळात मी डब्याचे झाकण लावले.

एक वाजून बारा मिनिटांनी विमान टेकले. त्याचा वेग कमी होत नव्हता. मनोऱ्यातून "जाळी वर" असा आदेश आला आणि मी बटण दाबले. बटणावर दोन दिवे आहेत. उजवा हिरवा झाला. डावा लालच राहिला. डावी मोटर दोरीशी झटत होती, तो आवाज मला धावपट्टीच्या अलीकडे ऐकू येत होता. मग तो बंद झाला आणि धूर दिसला. खांब कमरेइतका उठून तिरका राहिला. जाळी उजवीकडे पूर्ण उभी होती आणि डावीकडे जमिनीवर होती. विमानाचा उजवा पंख जाळीत अडकला, डावा मोकळा राहिला, त्यामुळे ते उजवीकडे गर्रकन फिरून धावपट्टीवरून खाली उतरले. माझ्या खोलीपासून तीस पावलांवरून गवतातून गेले. आत वैमानिकाचे डोके मागेपुढे आदळताना मला दिसले. कुंपण तोडून ते रस्त्यावर गेले आणि सायकलवाल्याच्या टपरीला धडकून थांबले.

तळावरच्या चौकशीत धावपट्टी अधिकारी साहेब म्हणाले, जाळी अजिबात उठली नसती तर विमान सरळ पुढच्या मऊ मातीत रुतून थांबले असते. तेव्हा मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो.

विमान थांबल्यावर बंब तिकडे वळला, साहेबांची जीप तिकडे गेली, मनोऱ्याखालची माणसे तिकडे पळाली. मी उलट दिशेला पळालो. एकशे दहा पावले एका दमात गेलो. कमर आठवलीसुद्धा नाही. पट्ट्या कापायच्या पात्याने दोरी कापली आणि खिशात कोंबली. सायकलवाल्याचे ओरडणे मला पाठीमागून ऐकू येत होते. रोज सकाळी मी त्याच्याकडे सायकलमध्ये हवा भरायला थांबत असे. मी पंपाकडे गेलो की तो हातातले काम टाकून उठायचा आणि म्हणायचा, "वाकू नका काका, मी मारतो." माझ्या कमरेचे त्याला न सांगता कळले होते. त्याला भेटायला मी अजून गेलेलो नाही. दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

मोटरींची देखभाल वायरमन बाईंकडे आहे. अकरा वर्षे आम्ही एकाच खोलीत काम करतो. त्या दर सोमवारी दोन्ही मोटरींची झाकणे उघडून ब्रशने धूळ काढतात, आणि माझ्या डब्याच्या खरकट्याने उंदीर येऊन तारा कुरतडतात म्हणून मला रागावतात. मोटर जळाली म्हणजे वायरमनची चूक, असे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी धरून टाकले. ते मी कोणाच्या डोक्यात भरवले नाही. भरवायची गरजच पडली नाही, मी नुसता मूग गिळून बसलो. बाईंना पाच तारखेला कामावरून थांबवले. चौकशीत मला विचारले की बाई मोटरींकडे नीट लक्ष देत होत्या का. मी म्हणालो, "माझं लक्ष जाळीकडे असतं साहेब." हे वाक्य मी आदल्या दिवशी घरी बसून जुळवले होते. त्यात खोटे काही नव्हते आणि बाईंवरचा संशय पक्का होत होता. खरी गोष्ट एवढीच होती की दर सोमवारी त्या झाकण उघडताना दिवा मी धरायचो. या वाक्याची मला दोरीपेक्षाही जास्त शरम वाटते.

नऊ तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास वायरमन बाई माझ्या घरी आल्या. दार मी उघडले. त्यांच्या हातात माझा जेवणाचा डबा होता.

"काका, हा खोलीत राहिला होता. घासून आणलाय."

"कशाला घासत बसलीस? ये ना आत."

"नको. उद्या परत बोलावलंय. लवकर निघायचंय."

"काय विचारतात?"

"मोटर का जळाली, तेच."

"मग तू काय सांगितलंस?"

"सकाळी बरी होती म्हणून सांगितलं. तेवढंच मला माहीत आहे." त्या पायरी उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "बाकीचं तुम्ही सांगाल, असं मला वाटलं होतं."

त्या गेल्यावर मी डबा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. बायकोने तो जागेवर ठेवण्याआधी सवयीने उघडला. आत हिरव्या दोरीचा वीतभर तुकडा होता, कडीत अडकून राहिलेला, गाठीसकट. घाईत तो माझ्याकडून तिथेच राहिला होता. ती गाठ तळावर दोघांनाच येते. एक मला. दुसऱ्या वायरमन बाई, कारण तारांची भेंडोळी बांधायला मीच त्यांना ती शिकवली होती. मोटर जळालेली बघायला त्या खांबापाशी गेल्या असतील तेव्हाच त्यांच्या सगळे लक्षात आले असणार. हा तुकडा त्यांनी चौकशीत टेबलावर ठेवला असता तर त्याच दिवशी त्या सुटल्या असत्या. तो त्यांनी माझ्या डब्यात ठेवला.

बायकोने तुकडा हातात धरून विचारले, "ही आपली दोरी ना?" मी हो म्हटले. मला वाटते, बाहेरच्या खोलीतून आमचे बोलणे तिने ऐकले होते. तिने तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावले आणि डबा फळीवर ठेवला. त्या दिवसापासून ती मला जेवण दुसऱ्या डब्यात देते.

नऊ तारखेनंतर आजपर्यंत का आला नाहीत, असे मला विचारण्यात आले. रोज सकाळी येणार होतो. दहा तारखेला ठाण्याच्या समोरच्या फुटपाथपर्यंत आलो होतो. बारा तारखेला तळावर धावपट्टी अधिकारी साहेबांच्या दारावर टकटक केली. ते म्हणाले, "काका, या, बसा. तुम्ही होतात म्हणून बटण तरी वेळेत दाबलं गेलं." नवा सुती दोरा हवा आहे असे सांगून परत आलो. त्यांनी दोरा लगेच मंजूर केला.

तेवीस तारखेला सकाळी तळावर सगळ्यांना एकत्र बोलावले. आदेशानंतर दोन सेकंदांच्या आत बटण दाबल्याबद्दल, तत्परतेबद्दल म्हणून, मला पत्र देण्यात आले. साहेबांनी ते वाचून दाखवले. टाळ्या वाजल्या. बंबप्रमुखाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लेकीनं दगा दिला, पण बाप पास झाला." वायरमन बाईंची जागा रांगेत मोकळी ठेवली होती, सवयीने कोणी तिथे उभे राहिले नव्हते. मी पत्र घेतले, मान लववली आणि धन्यवाद म्हणालो. घरी आल्यावर बायकोने पत्र वाचले. भिंतीवरचे पहिले प्रशस्तिपत्र तिने काढले, दोन्ही कागद एकत्र माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे कुठं लावायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्या भिंतीवर नको." काल दिवसभर मी घरात बसून होतो. खिळ्याखाली भिंतीचा रंग वेगळा दिसतो आहे, तोच बघत होतो.

आज मी डबा, त्यातला गाठीचा तुकडा, मी कापून लपवलेली बाकीची दोरी, पट्ट्या कापायचे पाते आणि दोन्ही प्रशस्तिपत्रे सोबत आणली आहेत. दोरी, गाठ आणि पाते अंमलदारांनी ताब्यात घेतले. प्रशस्तिपत्रांचा या गुन्ह्याशी संबंध नाही असे ते म्हणाले. मी म्हणालो, आहे. तेव्हा तीही घेतली.

डाव्या खांबाची मोटर वायरमन बाईंच्या हलगर्जीने जळाली नाही. ती चांगली होती. मी बांधलेली दोरी तिला सोडेना म्हणून ती जळाली. दोरी बांधलेली आहे हे मला माहीत होते. ती सोडायला मला वेळ होता. आज पहाटे मी घरामागच्या रस्त्यावर एकशे दहा पावले मोजून घड्याळ लावून चाललो. माझ्या चालीने एक मिनिट पाच सेकंद लागले. परत यायला तेवढेच. या सगळ्यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.

मला आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारण्यात आले. एक आहे. मी ठाण्यात आलो तेव्हा बाहेरच्या बाकावर वायरमन बाई बसलेल्या होत्या. त्यांना आज अकरा वाजता जबाबासाठी बोलावले आहे आणि त्या दोन तास आधीच येऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून मला जागा करून दिली. मी बसलो नाही. मला त्यांच्याकडे बघता आले नाही. त्या म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही जा. मी थांबते." त्या अजून तिथेच आहेत.

एरवी हा जबाब मला एकट्याला वाचून दाखवला असता. मी अंमलदारांना विनंती केली की वाचताना खोलीचे दार उघडे ठेवावे आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचावे. त्यांनी पंखा बंद केला, दार उघडले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. मी तेवढा वेळ उभा होतो. जबाब मी सांगितला तसाच लिहिलेला आहे.

सही